बुधवार, रात्री आठ : ‘गीतमाला’ पुन्हा ऐकताना आठ महिने

गेल्या दिवाळीत आईसाठी जुन्या हिंदी गाण्यांनी भरलेला, दिसायला पूर्वीच्या ट्रान्झिस्टरसारखा एक संच घेतला. त्यात गाण्यांखेरीज रेडिओ निवेदक अमीन सयानी यांच्या निवेदनासह ‘गीतमाला’ या हिंदी चित्रपटगीतांच्या क्रमवारीच्या जुन्या रेडिओ कार्यक्रमाचा एक स्वतंत्र विभाग आहे आणि खरे सांगायचे तर खरेदी त्या एका विभागासाठीच झाली. आई पंच्याऐंशीची आहे. तिला मोबाइलवर गाणी लावता येत नाहीत, आणि शिकवायला गेले की ती चष्मा शोधायला उठते. आठ महिने हा संच नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरात वापरात आहे. दुकानात पाच मिनिटे वाजवून पाहिल्यावर माझे जे मत झाले होते, त्यातले बहुतेक या आठ महिन्यांत बदलले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

घेण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या विभागात ऐकू येते ते कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरून त्या काळी झालेले मूळ प्रसारण नव्हे. कार्यक्रमाची वर्षे सरल्यानंतर सयानींनी मागे वळून पाहत ‘गीतमाला की छाँव में’ या नावाने जी ध्वनिमुद्रित मालिका केली, त्या पठडीतले हे भाग आहेत : त्या त्या सालची गाजलेली गाणी, त्यांचे क्रमांक, त्यांच्यामागचे किस्से. मला हा फरक ठाऊक नव्हता. आईला तो पहिल्या अर्ध्या मिनिटात कळला. संबोधन ऐकून ती हसली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “माणूस तोच आहे रे, पण आवाज पोक्त झालाय. आमच्या वेळी तो पोरगेला होता.” तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. सयानींचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा आणि ‘बिनाका गीतमाला’चा पहिला कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ चा, म्हणजे वयाची वीस वर्षे पूर्ण व्हायला त्यांना अठरा दिवस कमी होते. सत्तर वर्षांनंतर, कानाला यंत्र लावलेल्या माणसाला आवाजातले वय ओळखता यावे, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तिच्याशिवाय घरातल्या प्रतिक्रियांचा अर्थ लागणार नाही. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा चित्रपटगीतांवर राग होता. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि ऐकणारे लघुलहरींवर कोलंबो शोधू लागले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि बुधवारी रात्री आठ वाजता तोच आवाज समुद्र ओलांडून परत येई. आकाशवाणीला शहाणपण सुचून विविध भारती सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. तोवर बुधवार हातचा गेला होता. सुरुवातीला हा कार्यक्रम म्हणजे एक छोटी स्पर्धा होती. सात गाणी वाजत, श्रोत्यांनी ती योग्य क्रमाने लावून पाठवायची, बक्षीस शंभर रुपये. सयानींनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे उघडून वाचणे कोणालाही आवरेना, तेव्हा स्पर्धा मागे पडली आणि रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री व श्रोता संघांची मते यांवरून गाण्यांची उतरंड लावण्याची पद्धत आली. ‘पायदान’ हा शब्द आमच्या घरात पाय पुसण्याच्या चटईसाठी होता. तो गाण्याच्या क्रमांकासाठीही असतो हे आम्हा मुलांना बुधवारी कळले.

वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. पोस्टाची तिकिटे तिथेच छापली जात, त्यामुळे देशभरातून सयानींकडे जाणाऱ्या त्या पत्रांच्या ढिगावर आपल्या पाळीत छापलेले तिकीट असणारच, असे ते मोठ्या गंभीरपणे सांगत. लग्नाआधी आईचे बिऱ्हाड सराफ बाजाराच्या मागे, नदीकडच्या उतारावर एका वाड्यात होते. वाड्यात रेडिओ एकच, तोही मालकांच्या माजघरात. तांब्याच्या जाळीची एरियल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली. आवाज लाटेसारखा यायचा आणि ओसरायचा, आणि नेमका क्रमांक सांगताना तो बुडाला की ओसरीवर बसलेली सात बिऱ्हाडे एकमेकांना विचारत, “काय म्हणाला? कितवं?” आई एका वहीत दर आठवड्याचे क्रमांक लिहीत असे. सासरही त्याच पेठेत मिळाले, म्हणून वही तिच्याबरोबर आली आणि पुढे चालू राहिली. १९६९ च्या महापुरात गोदावरी बाजारपेठेत शिरली, खालच्या खोलीतल्या पेटीबरोबर ती वही गेली, आणि त्यानंतर आईने कार्यक्रम ऐकला तरी लिहिले कधीच नाही.

आता वापराविषयी. पहिले दोन महिने हा संच माझ्या मते वाया गेला. हवा तेव्हा ऐकता येतो म्हणून तो हवा तेव्हा लावला जाई : भाजी निवडताना, पाहुणे आले असताना, दुपारी डुलकी लागेपर्यंत. सयानी कोणत्या तरी सालचा अकरावा क्रमांक सांगत असत आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होई. आईने तक्रार केली नाही, पण ती ऐकतही नव्हती. गाणी तिची पाठच होती. त्यासाठी निवेदनाची गरज नव्हती. डिसेंबरात एकदा मी सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आता ते केव्हाही लागतं. वाट कशाची बघायची?” मला हे आधी सुचायला हवे होते. ‘गीतमाला’ हा मुळात निकालाचा कार्यक्रम होता. आठवडाभर अटकळ बांधायची, पैजा लावायच्या आणि बुधवारी शहानिशा करायची. सगळे निकाल एका डब्यात भरून हातात दिले की अटकळीला जागाच उरत नाही.

संक्रांतीनंतर आम्ही नियम केला. संच फक्त बुधवारी रात्री आठला लागेल, तासभरच लागेल, आणि जिथे थांबलो तिथूनच पुढच्या बुधवारी सुरू होईल. पुढचे साल चोरून ऐकायचे नाही. नियम मीच काढला आणि मोडण्याचा मोह सर्वांत जास्त मलाच होतो, हेही कबूल करतो. परिणाम मात्र तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागला. मंगळवारी आई मला विचारू लागली, “उद्या चोपन्न की पंचावन्न?” खालच्या मजल्यावर राहणारे, देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार एकदा जिन्यात आवाज ऐकून वर आले, ते आता पावणेआठला येतात. ते सातारकडचे; त्यांचा जीव खरे तर विविध भारतीच्या ‘जयमाले’त अडकलेला आहे, कारण ती फौजी भावांसाठी असे आणि तीत एकदा आपले नाव लागले होते, असे ते सांगतात. ‘गीतमाला’ त्यांच्या मते मुलकी लोकांचा कार्यक्रम. तरी येतात आणि चहा दुसऱ्यांदा मागतात.

सर्वांत जास्त वाद होतो तो क्रमांकांवरून, आणि या संचाची खरी किंमत मला तिथे वसूल झाली असे वाटते. आज अजरामर म्हणून मिरवली जाणारी कितीतरी गाणी आपापल्या सालच्या यादीत फार खाली आहेत, काही तर नाहीतच. उलट ज्यांची चाल आज कोणाला गुणगुणताही येणार नाही, अशी गाणी वरच्या पायऱ्यांवर दिमाखात बसलेली सापडतात. आईला हे मान्य होत नाही. एका गाण्याचा क्रमांक ऐकून तिने ठामपणे सांगितले की हे चूक आहे, हे गाणे त्या वर्षी पहिले होते, माझ्या वहीत होते. सुभेदार म्हणाले, “वहिनी, वही तर गोदामाईनं नेली.” त्यावर आईचे उत्तर असे की वही नेली, डोके नेले नाही. मी मध्यस्थी करायला गेलो आणि दोघांचीही बोलणी खाल्ली. पुढे विचार करता लक्षात आले की दर आठवड्याची यादी आणि वर्षअखेरची यादी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एखादे गाणे काही बुधवार सर्वांच्या वर असूनही सालअखेरच्या बेरजेत मागे पडू शकते. म्हणजे आईची वही आणि सयानींची यादी दोन्ही खऱ्या असणे शक्य आहे. हे मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि सयानींनाच दोष देणे चालू ठेवले.

निवेदनाबद्दल माझे मत या महिन्यांत पुरते बदलले. आरंभी मला ते लांबट वाटे. आता गाण्यांपेक्षा तेच ऐकण्यासारखे वाटते, आणि त्याचे कारण भाषेत आहे. सयानींच्या आई कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवत. साध्या हिंदुस्थानीतले तेच लेखन देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे आणि लहानपणी अमीन त्यात हातभार लावत. जड संस्कृत नाही, जड फारसी नाही, वाक्य लहान आणि बोलल्यासारखे, ही घडण तिथली. ज्या नाशिकच्या वाड्यात हिंदी फक्त पंचवटीत उतरणाऱ्या यात्रेकरूंकडून कानावर पडे, तिथल्या बायकांना ही हिंदी एकदाही न अडखळता समजत असे. आईने मला एक गोष्ट दाखवून दिली, जी मी इतक्या वर्षांत टिपली नव्हती : सगळे वक्ते ‘भाइयों और बहनों’ म्हणत, हा माणूस ‘बहनों और भाइयों’ म्हणे. माजघराच्या दारामागे उभे राहून ऐकणाऱ्या बायकांना आधी हाक मारलेली कळत होती, असे ती म्हणाली.

पंधरा वर्षांच्या माझ्या नातीची प्रतिक्रिया वेगळी. पहिल्या बुधवारी ती दहा मिनिटांत उठली, कारण “आजोबा, हे गाणं लावायच्या आधी किती बोलतात!” तिचे बरोबरच होते, तिच्या सवयीत गाणे आणि कान यांच्यामध्ये कोणी उभे नसते. परंतु परीक्षा संपल्यावर ती पुन्हा बसू लागली ती पणजीच्या पैजांसाठी. पणजीने पहिली तीन गाणी आधी सांगायची आणि हिने ती कागदावर लिहायची, बरोबर निघाले तर एक रेवडी. सरताज गीताचा, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या गाण्याचा, बिगुल वाजला की ती आता टाळी वाजवते. गाणी तिला आवडतात असे मी म्हणणार नाही. ज्या बिनाका टूथपेस्टचे नाव कार्यक्रमाला होते, तिच्या खोक्यात निघणारे प्लास्टिकचे छोटे प्राणी मात्र तिला फार आवडले. त्यांतला एक हत्ती आईच्या देवघरात अजून आहे, आणि तो गणपती नाही हे कळायला तिला बराच वेळ लागला.

संचाच्या गुणदोषांवर फार वेळ घालवत नाही. बोलण्याचा आवाज स्वच्छ येतो, आईला यंत्र न लावताही बहुतेक कळते. काही गाण्यांचे मुखडेच वाजतात, पूर्ण गाण्यासाठी दुसऱ्या विभागात जावे लागते. बॅटरी घेतली तेव्हा पाच तास टिके, आता चारच्या आत संपते; आम्हाला तासच लागतो म्हणून अडत नाही. मोठी गैरसोय एकच : पडदा नसल्यामुळे कोणते साल चालू आहे ते दिसत नाही आणि बंद करून लावले की कधी कधी विभाग पहिल्यापासून सुरू होतो. आम्ही खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने साल आणि किती वेळा बटण दाबायचे ते लिहून ठेवतो. खरखर नाही, हा दुकानदाराने सांगितलेला गुण आईच्या दृष्टीने दोषच आहे. ती मधूनच संचावर हलकेच थाप मारते. जुन्या रेडिओची सवय.

एकट्याने, मागे वाजत राहावे म्हणून घेणार असाल तर नुसत्या गाण्यांचे स्वस्त साधन पुरेल. घरात भांडायला निदान दोन जुने श्रोते असतील तरच ‘गीतमाला’ विभागासाठी जादा पैसे मोजावेत.

काही सालांना दोन बुधवार लागले, दोन बुधवार वीज नव्हती, एकदा सुभेदार गावी गेले म्हणून आईने कार्यक्रम पुढे ढकलायला लावला. त्यामुळे जुलै उजाडला तरी आम्ही अडुसष्टपर्यंतच आलो आहोत. काल दुपारी आईने नातीकडून शंभर पानांची एक वही मागवून घेतली आणि रेघा आखायला बसली. येत्या बुधवारी १९६९ आहे.