लाल वायर, सिगारेटची चांदी आणि माझे ४३,६५० रुपये

वडिलांच्या जुन्या गाडीच्या वायरिंगपायी किती गेले तो आकडा आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं तो कमी करून सांगायचा मोह होणार नाही. ४३,६५० रुपये. ॲडव्हान्स १२,०००, 'इंग्लंडहून मागवलेल्या' वायरिंगचे १८,५००, इंडिकेटरचा सेट ४,८००, ब्रेकचा स्विच १,३५० आणि मजुरी ७,०००. यातले बारा हजार तेवढे फोनवरून गेले, बाकी ३१,६५० रोख मोजले. बायकोला मी पंचवीस सांगितले होते. आता तिलाही कळेल.

दुसरी लाज म्हणजे मी बत्तीस वर्षं वीजखात्यात काढली. वायर हातात घेऊन जाडी सांगणारा माणूस. तो असा गंडला.

गाडी वडिलांची, १९५१ सालची मॉरिस मायनर. बारा व्होल्ट, ल्युकास या इंग्लिश कंपनीची वायरिंग, आणि त्या काळच्या इंग्लिश गाड्यांसारखी पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. वळताना दारामागच्या खांबातून वीतभर पिवळा हात बाहेर येतो. त्यात ३ वॅटचा दिवा. १९५१ साली तो लोकांना दिसत असेल. आज सांगलीत विश्रामबागेत रिक्षावाले त्याच्याकडं बघून हसतात आणि त्याच बाजूनं घुसतात. म्हणून ते हात तसेच ठेवून पुढं-मागं लुकलुकणारे इंडिकेटर लावायचे आणि ब्रेक लाइटची कुजलेली वायरिंग बदलायची, एवढंच काम होतं.

हा वायरमन ओळखीतूनच मिळाला. गाळ्यात भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो, प्रत्येक गाडीशेजारी हा उभा. मी पहिल्याच दिवशी नोकरीचं सांगून बसलो. (विचारलं कुणी होतं?) तो लगेच म्हणाला, "मग तुम्हाला काय सांगायचं साहेब, तुम्ही तर यातलेच!" त्या वाक्यानंतर मी एकही प्रश्न विचारला नाही. यातल्याच माणसानं विचारायचं तरी काय?

बिल मागितलं होतं, हे मात्र नोंदवून ठेवा. "बिल हवं तर टॅक्स वेगळा लागेल साहेब," म्हणाला. मी राहू दे म्हणालो. तुम्हीही म्हणाला असता.

आता तो तिसरा दिवस. रोज रात्री मला तोच आठवतो. मी गाळ्यात गेलो तेव्हा तो बॅटरी जोडत होता आणि मायनस बॉडीला लावत होता. माझ्या डोळ्यांसमोर. मी "अहो..." एवढं म्हणालो. त्यानं मान वर न करता सांगितलं, "आता सगळ्या गाड्यांना निगेटिव्हच असतो साहेब." अर्थ बदलता येते, बदलतातही लोक. पण मग डायनॅमोला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, नव्यानं पोलॅरिटी द्यावी लागते, इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात. हे मला माहीत होतं. तो करणार असेलच, असं धरून चाललो. इतक्यात पोऱ्या चहा घेऊन आला आणि मी चहा घेतला.

चहा पीत मागं गेलो. डिकीतून टेललाइटकडं जाणाऱ्या वायरी बाहेर लोंबत होत्या. ल्युकासच्या वायरीचा रंगच बोलतो. ब्रेकला हिरवी-जांभळी, डाव्या इंडिकेटरला हिरवी-लाल, उजव्याला हिरवी-पांढरी, अर्थ काळी. इथं सगळ्या लाल. चारच्या चार. वरचं 'कापडी विणकाम' मी बोटानं दाबून बघितलं, तर बोट चिकटलं. विणलेलं कापड चिकटतं का हो कुठं? बाजारात मिळणारा काळा कापडी टेप गुंडाळला होता. घरी येऊन पेट्रोलनं बोटं पुसली आणि दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे दिले. का दिले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो इतक्या आदरानं बोलत होता, माझ्याच्यानं तोंड उघडवेना.

गाडी ताब्यात घेतली त्याच संध्याकाळी मिरजेच्या रस्त्याला निघालो. उजवा इंडिकेटर दिला तर मागचे सगळे दिवे मिणमिणले, लुकलुकला एकही नाही. अर्थ नीट नसली की हेच होतं. ब्रेक दाबला तर मागच्या एसटीवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून ओरडला, "काका, लाइट लावा की आधी!" लाइट लागत होता हो. पण दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये २१ वॅटची तार टेलला आणि ५ वॅटची ब्रेकला जोडलेली. मागच्याला फरक दिसणार कसा? एवढ्यात बॉनेटमधून धूर. पान्यानं बॅटरी सोडवली म्हणून गाडी वाचली.

मिरजेच्या एका म्हाताऱ्या वायरमननं सगळं उघडून दाखवलं. दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर स्कूटरचा. तो चालावा म्हणूनच पठ्ठ्यानं अर्थ फिरवली होती. डायनॅमो तसाच उलटा, त्यामुळं कटआउटचे (डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले. जॉइंट नुसते पीळ मारलेले, सोल्डरचा डाग एकालाही नाही. ब्रेकचा 'नवा' स्विच म्हणजे पेट्रोलनं धुतलेला जुनाच. आणि ३५ ॲम्पियरच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. म्हातारा काही बोलला नाही. ती चांदी उलगडून त्यानं माझ्या तळहातावर ठेवली. दुरुस्तीचे १४,२०० वेगळे, ते वरच्या आकड्यात नाहीत.

दोन्ही पिवळे हात 'साफ करून देतो' म्हणून त्या पहिल्या वायरमननं काढून घेतले होते. ते परत आलेच नाहीत. आता तो फोनही उचलत नाही.

चौकीत गेलो. "हात चोरले? कुणाचे हात?" इथपासून सुरुवात. मग बिल कुठंय, साक्षीदार कोण, आणि शेवटी "ही दिवाणी बाब आहे काका, कोर्टात जा." विश्वासानं दिलेली वस्तू हडप केली तर भारतीय न्याय संहितेचं ३१६ कलम आहे, फसवणुकीला ३१८ आहे, हे मी घरून वाचून गेलो होतो. साहेब म्हणाले, "मग तुम्हीच लिहा गुन्हा." तिसऱ्या फेरीला अर्ज घेतला, त्यात 'जुने स्पेअर पार्ट, अंदाजे ५०० रु.' सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला तर पैसे तुम्हीच स्वखुशीनं पाठवलेत. बँकेचंही तेच. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, आणि पुढं समोरून प्रतिसाद नाही म्हणून ती बंद झाल्याचा मेसेज. प्रतिसाद देत नाही हीच तर माझी तक्रार होती! आरटीओत गेलो तर खिडकीवरच्यानं २०२१ च्या नियमातली जुन्या (व्हिंटेज) गाड्यांच्या नंबरची व्हीए मालिका समजावली, नवी नोंदणी २०,००० रुपये. मी मागितली होती का? अकरा फेऱ्या झाल्या, रिक्षाचे पैसे मोजणं सोडून दिलं.

चौकीत अर्ज घेत नसतील तर तिथं घसा कोरडा करू नका. पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवा, तशी तरतूद आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि वकील लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जा. मी गेलोय. माझ्याकडं पुरावा फक्त बारा हजारांचा आहे. म्हणून सांगतो, रोख देऊ नका, टॅक्स लागला तर लागू दे. काढलेला प्रत्येक जुना भाग त्याच दिवशी पिशवीत घालून घरी आणा. वायरिंगवर टेप चढायच्या आधी फोटो काढा. आणि जो माणूस गाडीची अर्थ कुठली हे न विचारता हात घालतो, त्याच्याकडून गाडी ढकलत का होईना, परत आणा.

माझ्या गाडीच्या डाव्या हाताच्या पिवळ्या काचेला टोकाशी चीर आहे. वडिलांनी ती आईच्या लाल नेलपॉलिशनं भरली होती, डाग अजून दिसतो. असा हात कुणी विकायला आणला तर भाव करू नका, तो कुठून आणला ते विचारा आणि मला कळवा.