विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड की डॅशर?

हात थरथरतो, बोटांत जोर नाही, पण लिहायचं मात्र भरपूर आहे. अशा वेळी संगणकावर लिहिण्याचे हे दोन पर्याय समोर येतात आणि दोन्हींचा विचार अगदी निराळा आहे.

विंडोजमधला ऑन-स्क्रीन कीबोर्ड, म्हणजे पडद्यावर दिसणारा कीबोर्ड, आयता मिळतो. विंडोज, कंट्रोल आणि ओ ही बटणं एकत्र दाबली की उघडतो. क्लिक जमत नसेल तर अक्षरावर कर्सर थोडा वेळ थांबवला तरी ते उमटतं. किती वेळ थांबायचं ते आपण ठरवायचं. माऊसही हलवता येत नसेल तर स्कॅनिंग निवडावं. कळांवरून उजेड सरकत जातो आणि आपण योग्य क्षणी एकच बटण दाबायचं. हे संथ आहे, पण एकाच हालचालीवर अख्खं पत्र लिहून होतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

डॅशर या लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कळाच नाहीत. केंब्रिजमध्ये डेव्हिड मॅके आणि डेव्हिड वॉर्ड यांनी तो घडवला. अक्षरं उजवीकडून आपल्याकडे येत राहतात, आपण फक्त दिशा द्यायची. पुढे येण्याची शक्यता जास्त असलेल्या अक्षराला मोठी चौकट मिळते, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी चालतं. चुकलंच तर डावीकडे वळून मागे यायचं. नजरेने कर्सर हलवणाऱ्यांना हा प्रवाह विशेष मानवतो. सुरुवातीला मात्र गोंधळायला होतं; सरावाला काही दिवस द्यावेच लागतात.

एकच बटण दाबता येत असेल तर मी स्कॅनिंग सुचवेन. नजर किंवा मान नीट हलवता येत असेल तर आधी डॅशर.