समचलन शिकवताना: आधी गुणोत्तर की आधी आलेख?

आठवीतल्या मुलाला समचलन, म्हणजे एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट होते ते नातं, शिकवायचं तर दोन वाटा आहेत. एक गुणोत्तराची: दोन राशींचा भागाकार कायम राहतो, तो चलनाचा स्थिरांक, आणि पुढे तिरकस गुणाकार. दुसरी आलेखाची: आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा, जिचा चढ (दोन बिंदूंमधला उभा फरक भागिले आडवा फरक) म्हणजेच तो स्थिरांक. मी दोन्हींनी शिकवून पाहिलं आहे. आता सुरुवात आलेखानेच करतो.

गुणोत्तराची वाट झटपट आहे, यात वाद नाही. डझनभर वह्यांच्या किमतीवरून पाच वह्यांची किंमत काढायला आलेख कागद कशाला हवा? शिवाय पाठोपाठ व्यस्त चलन येतं, तिथे भागाकाराच्या जागी गुणाकार कायम, एवढं सांगितलं की भागतं. आलेखावर मात्र तिथे वक्र येतो, चढ जागोजागी बदलतो, आणि आठवीत ते झेपत नाही.

तरी मला एक गोष्ट सतत खटकायची. गुणोत्तराने शिकलेली मुलं ‘हे वाढलं की तेही वाढतं’ एवढं दिसताच तिरकस गुणाकार करून मोकळी होतात. विचारून बघा: 10 अंश सेल्सिअस म्हणजे 50 अंश फॅरनहाइट, तर 20 अंश सेल्सिअस म्हणजे किती? उत्तर लगेच येतं, 100. खरं उत्तर 68. अंगात 100 म्हणजे ताप, आणि हवेत 20 अंश सेल्सिअस असताना आपण पंखाही लावत नाही. पण मांडणी बरोबर दिसते, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही.

आलेखावर ही गफलत लपत नाही. (10, 50) आणि (20, 68) हे बिंदू जोडून पट्टीने रेषा मागे न्या. ती आरंभबिंदूत न येता उभ्या अक्षाला 32 वर छेदते. चढ काढा: 18 भागिले 10, म्हणजे 1.8. रेषेवरचे कुठलेही दोन बिंदू घेतले तरी तोच. भागाकार मात्र पहिल्या बिंदूला 5, दुसऱ्याला 3.4. म्हणजे चढ कायम आहे, पण समचलन नाही. समचलनात रेषा आरंभबिंदूतून जाते, म्हणून चढ काढताना एक बिंदू (0, 0) घेता येतो. मग फरकांचा भागाकार आणि राशींचा भागाकार एकच होतो. हे नुसतं सांगून मुलांना पटत नाही, रेषा स्वतः काढली की पटतं.

आलेखाची अडचण म्हणजे प्रमाण. उभ्या अक्षावर 1 सेमी = 10 एकके घ्या की 20, चढ तोच राहतो, पण रेषा कमी-जास्त कललेली दिसते आणि मुलं नजरेनेच चढ ठरवतात. चौकटी न मोजता अक्षांवरच्या किमती वाचायच्या, ही सवय लागायला माझ्या अनुभवात एखादा तास जातोच.

शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर असेल तर गुणोत्तरच घ्या, मीही तेच करीन. थोडी सवड असेल तर मात्र आलेख आधी काढून घ्यावा असं मला वाटतं. पुढे विज्ञानात ओहमचा नियम येतो, तोही विभवांतर (व्होल्टेज) आणि विद्युतधारा यांच्यातल्या समचलनाचाच. तिथे विभवांतर उभ्या अक्षावर आणि विद्युतधारा आडव्या अक्षावर घेतली की रेषेचा चढ म्हणजेच रोध, हे अशा मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.