उपजिल्हा रुग्णालयातली मानसिक आरोग्य ओपीडी: वर्ष होत आलं, आमचा अनुभव

दादाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार. खासगी डॉक्टरांची फी, बाहेरची औषधं आणि जिल्ह्याच्या गावाला जायचं भाडं झेपेना, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जातो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तिथे ठरलेल्या वारी येते. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत, वहिनीला एसटीचं तिकीट अर्धं. दादाच्या गोळ्या आज चालू आहेत त्या यामुळेच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. समुपदेशनाच्या खोलीला दार नाही. हिरवा पडदा आहे, तोही एका बाजूने वीतभर अपुरा, आणि बाहेर लगेच इंजेक्शनवाल्यांचा बाक. मागच्या महिन्यात वहिनी आत रडत सांगत होती, दादाने आजाराच्या भरात सोयाबीनचे पैसे कसे उडवले, रात्र-रात्र कसा गावभर फिरला. बाकावर आमच्याच आळीतली बाई बसलेली. दुसऱ्या दिवशी पुतण्याला शाळेत पोरांनी वेड्याचा मुलगा म्हणून चिडवलं. आठवीतला मुलगा, दोन दिवस जेवला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, कलम २३. एक प्लायवूडचं दार आणि आतून कडी, एवढ्यावर तो हक्क अडलाय. भिंतीला नवा रंग लागला, बाहेर फलक लागला, दाराला मात्र निधी नाही म्हणतात. मला याचा संताप येतो.

संतापाचं कारणही सांगतो. आत जे चालतं ते फार मोलाचं आहे. सुरुवातीला माझं मत होतं की गोळ्या मिळाल्या की काम झालं, बोलणं म्हणजे वेळ घालवणं. आज मला बोलणंच जास्त महत्त्वाचं वाटतं. सोशल वर्कर मॅडमनी वहिनीला शिकवलं: झोप दोन-तीन तासांवर आली, तरी माणूस ताजातवाना उठला आणि नवनवे बेत सांगू लागला, तर थांबायचं नाही, दाखवायला आणायचं. वहिनी कालनिर्णयच्या चौकटीत रोज दादाच्या झोपेचे तास लिहिते. संक्रांतीनंतर आकडे घसरले, तिने पानच फाडून डॉक्टरांपुढे ठेवलं. डोस बदलला, पुढचं सगळं टळलं. पुतण्याशीही ते वेगळे बोलले, बाबांचा आजार तुझ्यामुळे नाही हे त्याला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं.

औषधांचा साठा मधूनमधून संपतो, दिवाळीत लिथियम, म्हणजे मन स्थिर ठेवणारी दादाची गोळी, बाहेरून घ्यावं लागलं. लिथियमची रक्तातली पातळी इथे तपासत नाहीत, खासगी लॅबला जावं लागतं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं असतं, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येतो आणि पैसे वाया. अडीअडचणीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, मोफत आहे.

दारासाठी वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी दाराची वाट बघत थांबू नका, जा. जुनी फाईल बरोबर घ्या, टीम येणार का हे आदल्या दिवशी आशाताईंना विचारा. आणि आत बोलायची वेळ आली की घरातल्या एकाला पडद्याबाहेर उभं करा, बाकावरच्या लोकांना जरा लांब बसायची विनंती करायला. आमच्याकडे हल्ली ते काम मी करतो.