फिअरलेस (टेलर्स व्हर्जन) : पांढरा घोडा येतो, पण उशिरा

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचा हा अल्बम, म्हणजे तिने आपल्याच जुन्या फिअरलेसचं नव्याने केलेलं रेकॉर्डिंग, मी लावला होता तो फक्त लव्ह स्टोरीसाठी, आणि अडकले पाचव्या गाण्यावर.

तिसरं गाणं लव्ह स्टोरी, म्हणजे राजकन्या, राजपुत्र, बाल्कनी, बॉल गाऊन सगळं आहे आणि रोमिओ ज्युलिएट मरायच्या ऐवजी चक्क लग्न करतात. मग मध्ये एकच गाणं आणि लगेच व्हाइट हॉर्स, म्हणजे परीकथेतल्या राजपुत्राचा पांढरा घोडा. आत्ता तर नाचत होतो ना आपण, आणि इथे ती सांगतेय की मी राजकन्या नाही, ही परीकथाही नाही. गिटार, पियानो, मागे चेलो, बाकी फार काही नाहीच. प्रेम गेल्याची गाणी ढीगभर आहेत आणि त्यात राजवाडे, राजपुत्रही भरपूर असतात, पण बऱ्याचदा ते नुसते सजावटीला असतात, इथे तसं नाहीये. कारण इथे तिचा प्रियकर खरंच परत येतो! गुडघ्यावर बसून माफी मागतो, तिला कायम हवा होता अगदी तसाच सीन, आणि तेव्हाच तिला कळतं की आता नको. घोडा आलाच नाही हे दुःख आपल्याला माहीत असतं, पण तो आला आणि आपल्यालाच त्यावर बसावंसं वाटलं नाही, हे मी तरी दुसऱ्या कुठल्या गाण्यात इतकं स्वच्छ ऐकलेलं नाही. माझं स्वतःचं एक नातं साधारण असंच संपलं, त्यामुळे असेल, पण तो माफी मागतो त्या ओळीला अजूनही घसा दाटतो.

शेवटचं कडवं मात्र नीट कान देऊन ऐका. आधी 'मी राजकन्या नाही' असतं, ते शेवटी 'मी तुझी राजकन्या नाही' होतं, आणि 'ही परीकथा नाही' चं 'ही आपली परीकथा नाही'. एवढाच बदल, पण म्हणजे परीकथेवरचा विश्वास तिने सोडलेला नाही, फक्त त्याला त्यातून काढलंय.

मूळ अल्बम 2008 चा, तेव्हा ती 18 वर्षांची, आणि हे नवं रेकॉर्डिंग 2021 चं, म्हणजे वय 31. जुन्यात आवाज रडवेला आहे, जखम ताजी वाटते. नव्यात तो स्थिर झालाय, आणि ते छोटं गाव गाडीच्या आरशात मागे पडतं ती ओळ मला नव्यातच जास्त पटली, कारण आता गाणारी खरंच तिथून खूप लांब आलीय. व्हाइट हॉर्सला 2010 मध्ये दोन ग्रॅमी मिळाले होते, आणि ते योग्यच होतं.

तक्रार एकच, 26 गाणी एका बैठकीत फार होतात, आणि आधी न आलेली जी सहा जोडलीत त्यातली काही एकसारखी वाटतात. पहिल्यांदा ऐकणार असाल तर शफल बंद ठेवा आणि तिसरं ते पाचवं सलग ऐका, मधलं गाळू नका.