घरीच शिकवायचं, पण टेबलाशी की बाहेर?

मुलाला पहिली काही वर्षं शाळेत न घालता घरीच शिकवायचं, इथपर्यंत बऱ्याच पालकांचं पक्कं झालेलं असतं. गाडं अडतं ते त्याच्या पुढे. एक रस्ता वर्कबुकं, तक्ते, तयार अभ्यासक्रम आणि ठरलेल्या तासांचा. दुसरा रस्ता म्हणजे रोजचे दोन-तीन तास माती, पाणी, काटक्या, झाडं यांच्यात काढायचे आणि त्यातूनच अंक, विज्ञान, भाषा शिकवायची. इथे विचार केलाय तो तीन ते सात वर्षांच्या मुलांचा. त्यापुढे हिशेब बदलतो.

माझा कौल आधीच सांगून टाकते. गणिताची समज, विज्ञान आणि शरीर यांसाठी बाहेर. वाचनासाठी टेबल, तेही रोज थोडाच वेळ. पण हे दोन्ही कौल तुमच्या घरात कोण, किती वेळ मोकळं आहे यावर उलटू शकतात, आणि तो भाग बहुतेक जण शेवटी बघतात.

गणित

वर्कबुकाच्या पानावर सात फुगे असतात. मूल बोट ठेवून मोजतं, खाली ७ लिहितं, पान उलटतं. यात मोजणं आणि अंक यांची सांगड पक्की होते, हे खरंच आहे. मात्र माप म्हणजे काय, हे त्या पानावर कधी येत नाही.

आता फाटकापासून झाडापर्यंतचं अंतर पावलांनी मोजायला घ्या. टाचेला अंगठा लावत, एकामागे एक. मुलाची भरतात अडतीस, तुमची चोवीस. पाच वर्षांचं मूल इथे बहुधा म्हणतं, ‘तू नीट मोजलं नाहीस.’ पुन्हा मोजायचं. पुन्हा तेच. मग दोघांची पावलं मातीत शेजारी-शेजारी उमटवायची आणि गप्प राहायचं. पाऊल मोठं की आकडा लहान, हे मुलाला स्वतःहून दिसायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी आठवडा. ते दिसलं की एक काठी हातात द्यायची आणि दोघांनी तीच वापरून मोजायचं, आकडा जुळतो. सगळ्यांनी एकच माप का वापरायचं, हा पाठ शाळेच्या पुस्तकात बराच नंतर येतो आणि तिथे तो बहुधा वाचूनच संपतो.

पाण्याचंही असंच. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवलेली गोष्ट प्रसिद्ध आहे: रुंद भांड्यातलं पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतलं की सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं ‘आता जास्त झालं’ म्हणतात. नुसतं चित्र दाखवून किंवा समजावून हे सहसा सुटत नाही. शंभरदा इकडून तिकडे ओतायला मिळालं तर वय आणि अनुभव मिळून सुटतं, आणि शंभरदा ओताओत घरातल्या फरशीवर कुणालाच परवडत नाही.

मग टेबल कुठे पुढे जातं? क्रमात. बाहेरचा दिवस हाताला येईल ते शिकवतो. पावसाची डबकी आठवडाभर पुरतात आणि वजाबाकीचा पत्ता नसतो. दहा-दहा काटक्यांच्या जुड्या बांधून दशक-एकक छान कळतं, पण चार जुड्या आणि तीन सुट्या काटक्या म्हणजे ४३ हे लिहायला कागदाशी यावंच लागतं.

विज्ञानात स्पर्धाच नाही. जमिनीत काठी रोवून तासातासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवला, की सकाळची लांब सावली दुपारी का आखडते हा प्रश्न मूलच विचारतं. डबक्याभोवती खडूने रेघ ओढून तासाभराने परत बघितलं, की बाष्पीभवन हा शब्द नसतानाही ते कळलेलं असतं. पानभर रंगवलेलं जलचक्र याच्या जवळपासही जात नाही.

वाचन आणि लेखन

बाहेरच्या शिक्षणाचे चाहते इथे स्वतःची समजूत काढत बसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. बोलणं मूल आपोआप शिकतं. वाचणं तसं येत नाही. अक्षर आणि ध्वनी यांची जोडी कुणीतरी क्रमाने शिकवावी लागते. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या (वाचन कसं शिकवावं यावरचं संशोधन तपासणाऱ्या समितीच्या) २००० सालच्या अहवालाचा निष्कर्षही हाच होता, की ध्वनी पद्धतशीर शिकवले तर मुलं वाचायला अधिक चांगली शिकतात. ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक, ‘म’ आणि ‘भ’ची गल्लत, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी यांतलं काहीही झाडावर चढून उमगत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं, एका जागी, लक्ष देऊन: एवढं टेबल हवंच.

मात्र एवढंच. कारण लिहिणाऱ्या हाताची तयारी टेबलाशी होत नाही. लहान मुलाच्या मनगटातली काही हाडं अजून कूर्चाच, म्हणजे मऊ आणि लवचिक, असतात, ती वर्षानुवर्षं घट्ट होत जातात. लोंबकळणं, खणणं, ओली माती मळणं, बादली उचलणं यातून खांदा, मनगट आणि बोटं तयार होतात. मग पेन्सिल स्थिर राहते. चार वर्षांच्या मुलाकडून पानंच्या पानं गिरवून घेणं म्हणजे आधी कळस मग पाया. शब्दसंग्रहातही बाहेरची बाजू जड आहे. खरखरीत, बुळबुळीत, ठिसूळ, ओलसर हे शब्द हाताला ती वस्तू लागलेली असताना कानावर पडले की विसरत नाहीत.

मधला रस्ताही आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये ‘कासा देई बांबिनी’ (मुलांचं घर) ही बालशाळा सुरू केली. तिथली सॅंडपेपरची अक्षरं बोटाने गिरवायची पद्धत आजही वापरात आहे. तेच ओल्या वाळूत करा. अक्षराचं वळण हाताला कळतं आणि चुकलं तर हात फिरवला की संपलं, खोडरबराने कागद फाटत नाही.

शरीर

डोळ्यांबाबत पुरावा चांगला आहे. चीनमधल्या ग्वांगचौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांनी त्या गटातल्या ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली होती, तर नेहमीप्रमाणे शिकणाऱ्यांत ३९.५ टक्क्यांना. कारण बहुधा उजेड: घरातला प्रकाश काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल आहे, त्यातली निदान ६० मिनिटं दमवणारी. म्हणजे टेबलाचा रस्ता निवडला तरी बाहेर जाणं टळत नाही. तो वेळ वेगळा काढावा लागतो. बाहेरच्या रस्त्यात तो अभ्यासातच बसतो.

धोक्यांचं म्हणाल, तर पडणं-खरचटणं हा खर्च धरूनच चालायचा आणि धनुर्वाताची लस वेळेवर घ्यायची. अनोळखी फळ-पान तोंडात घालायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी. पाण्यापाशी मात्र ढिलाई नको. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, त्यामुळे मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, नुसतं नजरेच्या टप्प्यात असून भागत नाही.

तुमच्या बाजूने

खरा निर्णय इथे होतो. वर्कबुक उघडलं की काम सुरू होतं. शेजारी तान्हं बाळ असो की ऑफिसची मीटिंग, वीस मिनिटं निभतात, आणि भरलेली पानं हीच नोंद होते. बाहेर सामान जवळजवळ काही लागत नाही, पण तुम्ही पूर्ण लागता. चिखलाचे कपडे धुणं त्यात आलंच. शिवाय एक अवघड काम आहे ते म्हणजे न बोलणं. सावली का सरकली हे तुम्हीच सांगून टाकलंत तर ती बाहेर भरलेली शाळाच झाली.

फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे सुरू केलेल्या बालशाळेची परंपरा असो, १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्डमध्ये मॅकमिलन भगिनींनी काढलेली मोकळ्या हवेतली नर्सरी असो की १९५० च्या दशकातल्या डेन्मार्कच्या वनबालवाड्या, बाहेर शिकवणं हे नवं खूळ नाही. पण तिथे मुलांचा घोळका होता आणि त्याच कामाला वाहिलेली मोठी माणसं होती. घरी तुम्ही एकटे असता. म्हणून रोज दोन तास सलग देता येत नसतील तर आठवड्यातून तीन सकाळी बाहेरच्या ठेवा, बाकीचे दिवस टेबल. दोन्हीकडे अर्धं लक्ष देण्यापेक्षा हे बरं.

घरात वेगवेगळ्या वयाची दोन मुलं असली तर पारडं बाहेरच्या बाजूला झुकतं. टेबलाशी दोन इयत्ता सांभाळताना दमछाक होते. खड्ड्याशी तीन वर्षांचं पाणी ओततं आणि सहा वर्षांचं पाट कुठून काढायचा ते ठरवतं. जागा नाही ही अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही. गच्ची, एक टब माती, भिंतीच्या फटीतलं रोपटं एवढ्यावरही बरंच चालतं. चिखलाची किळस असलेली मुलं असतात; त्यांच्या हातात आधी खुरपं किंवा भिंग द्या, मातीत हात घालायची सक्ती नको.

कायदा आधी तपासा. जर्मनीत घरी शिकवायला जवळजवळ परवानगीच नाही. काही देशांत नुसतं कळवावं लागतं, तर काही ठिकाणी दरवर्षी मूल्यमापन असतं. नोंदी मागितल्या जाणार असतील तर बाहेरच्या दिवसाचीही वही ठेवा. ‘मातीत खेळला’ याचा उपयोग नाही. ‘पाट काढला, उतार कुठे ते आधी सांगितलं, दगड टाकून पाणी वळवलं’ असं लिहा, खाली तारीख आणि मुलाचं एखादं वाक्य त्याच्याच शब्दांत.

पुढे मूल शाळेत जाणार असेल तर एक हिशेब आत्ताच करून ठेवा. बाहेर वाढलेलं मूल प्रश्न विचारण्यात मागे पडत नाही. मागे पडतं ते फळ्यावरून उतरवून घेण्यात आणि लिहिण्याच्या वेगात. प्रवेशाच्या साधारण सहा महिने आधी टेबलाची वेळ अर्ध्या तासावर न्या. चार-पाच ओळींचा कागद समोरच्या भिंतीवर चिकटवा आणि तो वहीत उतरवायला द्या, आधी आठवड्यातून दोनदा, मग रोज.