ॲनोडायझिंग की पावडर कोटिंग? वाळूज एमआयडीसीच्या उन्हाळ्यातून एक मत

ॲल्युमिनियमचा जॉब तयार आहे, कोटिंग कुठलं हे ठरत नाही, आणि तुम्ही दोन्हीकडचे दर मागवून बसलात. ॲनोडायझिंग म्हणजे ॲसिडच्या टाकीत वीज सोडून धातूवरच ऑक्साइडचा थर वाढवणं; पावडर म्हणजे रंगाची कोरडी भुकटी फवारून भट्टीत भाजणं. दर नंतर बघू. आधी सांगा, माल बारमधून मशिन केलाय की डाय-कास्टिंग (साच्यात ओतलेला) आहे? ६०६१, ६०६३ या बारच्या ग्रेड असतील तर ॲनोडायझिंग सुरेख बसतं. एडीसी १२ या डाय-कास्टिंगच्या ग्रेडमध्ये सिलिकॉनच ९.६ ते १२ टक्के असतं. त्यावर राखाडी, डागाळलेला थर येतो. तिथे पावडरच लावा.

मग मापं. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन, तोही पूर्ण वर बसलेला. आमचा एक लॉट यातच परत आला होता: बेअरिंगची सीट मास्क करायची (झाकून ठेवायची) राहिली आणि बेअरिंग आत जाईना. साधं ॲनोडायझिंग १० ते २५ मायक्रॉनचं, त्यातलाही बराच भाग धातूच्या आत वाढतो, त्यामुळे आटे भरत नाहीत. मात्र स्टीलचा इन्सर्ट (आट्यांची बुशी) आधीच बसवला असेल तर ॲसिडची टाकी तो खाऊन टाकते.

घासणाऱ्या भागाला, म्हणजे पिस्टन, स्लाइड वगैरेला, पावडर विसरा. हार्ड ॲनोडायझिंग, म्हणजे जाड आणि कडक थराचं, घ्या. उलट शेतातल्या स्टार्टरच्या पेटीला पावडर उत्तम: ओरखडे झाकते, हवा तो रंग मिळतो. फक्त पॉलिएस्टर मागा, इपॉक्सी उन्हात खडूसारखी सुटते.

आता आपल्याकडची खरी गोम. ॲनोडायझिंगचं सल्फ्युरिक ॲसिड २० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. मे महिन्यात बाहेर ४२ आणि टाकीला धड चिलर (ॲसिड थंड ठेवणारं यंत्र) नाही, तर थर मऊ पडतो, बोटाला भुकटी लागते. सिलिंगच्या (थरातली बारीक छिद्रं बंद करण्याच्या) गरम टाकीत बोअरचं जड पाणी असेल तर वर पांढुरकी साय. म्हणून ॲनोडायझिंगवाल्याच्या दुकानात चहा घेण्याआधी चिलर आणि डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याचा प्लांट बघून घ्या. पावडरची भट्टी १८० ते २०० अंशांची, तिला मे काय नि डिसेंबर काय. हाल होतात ते भट्टीपुढच्या पोराचे.

ॲनोडायझिंगचा माल आला की मल्टिमीटर बीपवर ठेवून त्याचे दोन्ही प्रोब हलक्या हाताने पृष्ठभागावर टेकवा. चांगला थर वीज वाहू देत नाही. रॅकच्या खुणा (टाकीत जॉब जिथे पकडला होता ती जागा) सोडून कुठेही बीप वाजला, तर चलनावर सही करू नका.